आज नाई जमत, बापू



वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावाचे सरकारी कागदावरचे नावच ‘जऊळका रेल्वे’. अकोला-पूर्णा मार्गावरचे छोटे स्टेशन. मोठा दवाखाना म्हणजे अकोला, आणि मीटरगेजच्या काळात सकाळची गाडी चुकली की दिवस गेला. एका पावसाळ्यात नेमकी आजोबांच्या मोतीबिंदूच्या तारखेला ती चुकली. शेजारच्या काकांकडे जीप होती. गावातले आजारी, बाळंतिणी ते फुकट पोचवत, डिझेलचे पैसेही घेत नसत. आजोबा टोपी घालून, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले. काका नाल्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, “आज नाई जमत, बापू. पुलावरून पानी हाय.” आजीने महिनाभर त्यांच्याकडे विरजण मागितले नाही.

हे आठवायचे कारण आपल्याच मराठी मंडळातले. हौशी वैमानिक असलेल्या आपल्या एका सभासदाने ‘एंजल फ्लाइट’साठी उड्डाणे करायचे ठरवले, आणि बैठकीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण इथे ॲडलेडमध्ये राहून माउंट गॅम्बियरचा अपघात विसरता येत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. 1928 पासून चालत आलेली ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ वेगळी. तिथे वैमानिक पगारी असतात. ‘एंजल फ्लाइट’ बिल ब्रिस्टो यांनी 2003 मध्ये सुरू केली. आडगावच्या रुग्णाला शहरातल्या तपासणीला नेणारा इथे स्वयंसेवक असतो, विमान छोटे, सोबत नर्स नाही. तातडीचा रुग्ण घेत नाहीत. स्वतःच्या पायांनी चढता-उतरता आले पाहिजे. म्हणजे आजोबांच्या मोतीबिंदूसारखीच कामे.

28 जून 2017 रोजी सकाळी असेच एक विमान माउंट गॅम्बियरहून ॲडलेडकडे निघाले. ढग जमिनीला टेकलेले. वैमानिकाकडे केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची पात्रता नव्हती. मिनिट-सव्वा मिनिटात विमान कोसळले. वैमानिक आणि दोन्ही प्रवासी गेले. ढगात शिरल्यावर कान फसवतात: विमान वळत असते आणि शरीर सांगते, सरळ चाललोय. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना बनावट ढगात उडवून पाहिले. ताबा सुटायला सरासरी 178 सेकंद लागले. चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो.

इथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2019 मध्ये अहवाल दिला. अशा उड्डाणांत जीवघेण्या अपघातांचे प्रमाण इतर खासगी उड्डाणांच्या सातपटींहून जास्त निघाले. 2011 मध्ये हॉर्शॅमजवळ काळोखात झालेला अपघातही त्यांनी मोजला. नियमित विमानसेवा असेल तिथे रुग्णाला सरळ तिकीट काढून देण्याचा विचार करा, असेही सुचवले. हवाई प्राधिकरणाने त्याच वर्षी वैमानिकांचा अनुभव, विमानाची देखभाल आणि रात्रीचे उड्डाण यांवर अटी घातल्या. ‘एंजल फ्लाइट’ला त्या जाचक वाटल्या, ती न्यायालयात गेली. माझे मत प्राधिकरणाच्या बाजूने आहे. चांगल्या कामाला वेगळे गुरुत्वाकर्षण नसते.

पण अटी कागदावर. धावपट्टीवर उभा असतो तो भिडस्त माणूस. तीन महिन्यांनी मिळालेली तज्ज्ञाची वेळ, रजा काढलेली मुलगी, आणि समोर फुकट नेणारा भला गृहस्थ. आपण मराठी माणसे तर उपकारकर्त्याला पाणी विचारू, ‘ढग आहेत, जमेल ना?’ हे विचारणार नाही. उलट ‘बघा ना, जरा उघडलं तर’ म्हणू. त्या ‘बघा ना’चे ओझे वैमानिकाच्या मानेवर बसते. जीपवाले काका आजीचा अबोला सोसू शकले, कारण पाणी सगळ्यांना दिसत होते. आकाशातले पाणी एकट्या वैमानिकालाच कळते.

म्हणून विनंती अशी: ज्यांना अशा विमानाने जायचे असेल त्यांनी तपासणीची दुसरी तारीख आधीच विचारून ठेवावी आणि ती वैमानिकाला निघण्यापूर्वी सांगावी. त्याने नाही म्हटले तर आभार मानून घरी यावे.

आपल्या मंडळातही नव्याने आलेल्या आईबाबांना डॉक्टरांकडे नेणाऱ्या गाड्यांची यादी यंदा करतो आहोत. इच्छुकांनी सचिवांना नावे कळवावीत, आणि सोबत परवान्याची व विम्याची प्रत जोडावी. मागितली म्हणून वाईट वाटून घेऊ नये.