सलग चित्रणाची मिनिटे

चित्रपटातील एखादा प्रसंग मध्ये कोठेही न तोडता सलग चित्रित झाला, की त्याची मिनिटे मोजण्याची, तालमींच्या हकिकती रंगवून छापण्याची आणि त्या कसरतीलाच कलेची सनद बहाल करण्याची जी प्रथा अलीकडे पडली आहे, तिच्यामुळे या पद्धतीचे खरे सामर्थ्य झाकोळून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. संकलक दृश्ये तोडून जोडतो, तेव्हा कोणाच्या मुद्रेकडे, केव्हा आणि किती वेळ पाहावे, याचा हुकूम तो प्रेक्षकावर बजावीत असतो. त्या अमलात गैर काहीच नाही, पण दृश्य अखंड राहिले म्हणजे पाहण्याची मुखत्यारी बऱ्याच अंशी प्रेक्षकाकडे येते, आणि आंद्रे बाझँ या फ्रेंच समीक्षकाने आग्रहाने प्रतिपादिलेले मर्म हेच होय.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) या चित्रपटात, गटारात उतरणाऱ्या कामगारास गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून शाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालतो, आणि कॅमेरा मागच्या बाकावरील पक्षकारासारखा निश्चल बसून राहतो. न्यायाधीश जबानी सांगून टंकलिखित करवून घेतात, वकील कागद चाळतात, बिनबाह्यांचा पोशाख केला एवढ्यावरून एका बाईची सुनावणी होत नाही. आणि यांपैकी कशाला महत्त्व द्यावे, हे कोणी बोट दाखवून सांगत नाही. पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागते, इजलास उठतो, माणसे पांगतात, दिवे मालवले जातात, तरी काळोखा झालेला पडदा तसाच राहतो. प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू होते, आणि न्यायालयाची सुट्टी म्हणजे जामीन नाकारलेल्या आरोपीला काय असते, याची जाणीव त्या चुळबुळीतूनच होते. हा काळोख आटोपशीर करा असे सांगणाऱ्यास चित्रपट कळलाच नाही, असे मी म्हणेन.

चित्रण खरोखर सलग आहे की सांधे लपवले आहेत, ही तपासणी मला गौण वाटते. कॅमेऱ्यात जेमतेम दहा मिनिटांची फिल्म मावत असे, म्हणून हिचकॉकने ‘रोप’मध्ये (1948) काही सांधे पात्रांच्या पाठीआड दडवले, यात लबाडी कसली?

तार्कोव्हस्कीच्या ‘द सॅक्रिफाइस’चे (1986) उदाहरण मात्र निराळे आहे. अणुयुद्धाचे संकट टळावे म्हणून सर्वस्वत्यागाचा नवस बोललेला नायक स्वहस्ते आपले घर पेटवतो, आणि ते कोसळेपर्यंतची कित्येक मिनिटे, चिखलातून सैरावैरा धावणाऱ्या त्याच्या आप्तांसह, एकाच दृश्यात येतात. प्रथम चित्रण करताना कॅमेरा बिघडला आणि घर व्यर्थ जळाले. हाती लागलेले तुकडे जोडून आगीचा प्रसंग कदाचित उभा करता आला असता. परंतु हा त्याग आता मागे घेता येणार नाही, याची खात्री तुकड्यांतून पटली नसती, म्हणून ते घर पुन्हा बांधून पुन्हा जाळण्याचा खर्च आणि श्रम पत्करले गेले.