पीतज्वराची लस : कार्डासाठी नव्हे, आपल्या गावासाठी



केनियाची सफारी, नायजेरियातली नोकरी, ब्राझीलची सहल... आता ओळखीतलं कुणी ना कुणी तिकडे जातंच. तिकीट, व्हिसा, बॅगा सगळं वेळेत होतं. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस मात्र शेवटच्या आठवड्यात आठवते. मग विचारणा होते, "एजंटकडून कार्ड करून मिळेल का हो?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे.

पीतज्वर हा आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातला विषाणूजन्य आजार आहे. त्यावर नेमकं औषध नाही. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण ज्यांना कावीळ आणि रक्तस्राव होण्याइतका आजार बळावतो, त्यांच्यापैकी सुमारे निम्मे दगावतात. तो पसरवतो एडिस डास. हो, आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा तोच! भारतात आजवर पीतज्वर पसरलेला नाही, पण डास मात्र आपल्या कुंडीत, टायरात, कूलरमध्ये आहेच. उणीव आहे ती फक्त विषाणूची. खोटं कार्ड घेऊन परतणारा प्रवासी नेमकी तीच भरून काढू शकतो.

म्हणूनच अशा देशांतून परतताना भारत सरकार लसीचं प्रमाणपत्र मागतं. ते नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सहाच दिवस का? कारण डास चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण 3 ते 6 दिवस लागतात. नियमामागे असं विज्ञान आहे, नुसता त्रास देण्याचा हेतू नाही.

पालकांनी एवढं लक्षात ठेवावं

- लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. नोंदणी लवकर करावी.
- प्रमाणपत्र लसीनंतर 10 दिवसांनी लागू होतं. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, दर 10 वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावं लागत नाही.
- ही जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची लस आहे. 9 महिन्यांखालचं बाळ, गरोदर माता, साठीपुढचे आजी-आजोबा, अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.
- लस घेतली तरी तिकडे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम हवंच. हा डास दिवसा चावतो.

शिक्षक मित्रहो, डेंग्यूचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. त्याच तासाला नकाशा लावा आणि मुलांना विचारा, "15 मे ला विमान आहे, तर लस उशिरात उशिरा कधी घ्यायची?" 5 मे हे उत्तर मुलं चटकन काढतील. गणित, भूगोल, विज्ञान एकाच प्रश्नात! आणि घरी जाऊन तीच बाबांना विचारतील, "लस खरंच घेतलीत ना?"

शिक्का कागदावर बसतो, संरक्षण शरीरात तयार होतं. आपल्या मुलांना यातला फरक कळला, तर तो पाठ सार्थकी लागला असं मी म्हणेन.