ओळखीचे चेहरे

सिनेमा एकट्याने पाहणे ही करमणूक. कुटुंबासह पाहणे हे कार्य. त्याला मुहूर्त लागतो, आमंत्रणे करावी लागतात, मानपान सांभाळावे लागतात आणि एवढे करूनही कुणीतरी रुसतेच. हल्ली तिकिटे मोबाइलवर निघतात, त्यामुळे रांगेत ताटकळण्याचे कष्ट वाचले. पण कोणी कोणाशेजारी बसायचे, हा प्रश्न अद्याप कुठल्याही यंत्राला सुटलेला नाही.

आमच्या घरी सिनेमाची गोष्ट काय, असे कुणी विचारीत नाही. "आहे कोण त्यात?" हा पहिला आणि शेवटचा प्रश्न. टीकाकारांना हा अडाणीपणा वाटेल, वाटो बापडा. मराठी माणसाने आपल्या नटांशी नाती जोडली आहेत, ती काही उगाच नाही. अशोक सराफ हे कुणाचे सख्खे मामा असतील ते असोत; आमचे ते 'मामा'च. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पेढे आणले. सुलोचनाबाई साऱ्यांच्याच दीदी. आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना 'लक्ष्या' म्हणण्याचा परवाना कुणी कुणाला दिला नव्हता. तो आपण सर्वांनी १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'पासून परस्पर घेऊन टाकला होता. १६ डिसेंबर २००४ ला ते गेल्याची बातमी आली, त्या दिवशी आमच्या घरात नात्यातले माणूस गेल्याची शांतता होती.

अशा आमच्या कुटुंबाला २०२३ च्या जूनअखेर 'बाईपण भारी देवा' लागला, तेव्हा स्वस्थ बसवले असते तरच नवल. केदार शिंदे यांचा चित्रपट. सहा बहिणींची गोष्ट, मंगळागौरीची स्पर्धा, आणि पडद्यावर रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब. गावोगावच्या बायका नटूनथटून, घोळक्याने थिएटर गाठीत होत्या. आम्ही नऊ जण निघालो. त्यांत आई होती आणि मावशीही होती. अडचण इथेच होती.

आजोबांच्या घराच्या वाटणीवरून त्या दोघींत चार वर्षे अबोला होता. एकाच शहरात राहून एकमेकींच्या उंबऱ्याला पाय लागला नव्हता. लग्नकार्यात भेट झाली तर दोघी माझ्यामार्फत बोलत: "तिला सांग, वरणभात गरम आहे." म्हणून आई रांगेच्या या टोकाला, मावशी त्या टोकाला आणि मधे सात माणसांचे सैन्य, अशी मांडणी सौभाग्यवतींनी केली.

पडद्यावर वंदना गुप्ते आल्या. आईला ऐकू कमी येत असल्यामुळे तिची कुजबूज चार रांगांना पोचते. ती म्हणाली, "ही बघा वागळ्यांची बायको!"

क्षणभर शांतता. मग त्या टोकाकडून, माझी मध्यस्थी न घेता, उत्तर आले.

"वागळ्यांची बायको नव्हे गं! ती भारती आचरेकर. ही तिची बहीण. माणिक वर्मांच्या मुली त्या!"

पुढच्या रांगेतून "शू" झाले. त्याची पर्वा न करता आई म्हणाली, "माणिकताईंच्या होय? आपण त्यांचं गाणं ऐकलं होतं ना गं, गणपतीत? अण्णांनी नेलं होतं."

"हो तर! परतताना तुझी चप्पल तुटली होती."

मावशीच्या बाबतीत 'आपण' हा शब्द आईच्या तोंडून चार वर्षांनी आला होता. मध्यंतरात चिरंजीव लाह्यांच्या भावावर चडफडत परतले, तो त्यांच्या खुर्चीत मावशी बसलेली. पडद्यावर बहिणी-बहिणी काय बोलत होत्या, ते त्या दोघींनी पुढे फारसे ऐकले असेल असे वाटत नाही. रोहिणीबाई म्हणजे १९८२ च्या 'गांधी'तल्या कस्तुरबा, आणि सुकन्याताई म्हणजे 'आभाळमाया'तली सुधा, एवढी उजळणी तेवढी झाली.

मी तेव्हापासून एक गोष्ट मनाशी धरून आहे. भांडलेल्या दोन माणसांना बोलण्यासाठी तिसरे कुणीतरी ओळखीचे लागते. नातलग चालत नाहीत. ते कोणत्या ना कोणत्या बाजूचे असतात. हवापाण्यावर बोलावे तर दोन वाक्यांत विषय संपतो. नट-नट्या मात्र साऱ्यांच्या ओळखीच्या असून कुणाच्याच बाजूच्या नसतात. त्यांच्याबद्दल वाद घातला तरी जुनी जखम उघडी पडत नाही; आणि त्यांच्या आठवणींमागे आपल्या स्वतःच्या आठवणी निमूट चालत येतात.

घराच्या वाटणीचा प्रश्न सुटला, असे मात्र मी म्हणणार नाही. कागद कपाटातच राहिले. पण त्या दिवाळीत मावशीकडून अनारशांचा डबा आला आणि सोबत निरोप: "जाळी नीट पडली नाही, तरी गोड मानून घे." आईने एक अनारसा तोंडात टाकला, चावला आणि फोन उचलून म्हणाली, "अगं, पीठ कमी आंबलंय."

वाचकहो, आमच्या घरात याला सलोखा म्हणतात.