लाल बार्न, प्लास्टिकची गाय आणि आपली मराठी शाळा

रविवारच्या मराठी शाळांमध्ये शिशुवर्गासाठी ‘शेत’ मांडायची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. लाल बार्नचं चित्र, प्लास्टिकची काळी-पांढरी गाय, एक डुक्कर, दोन मेंढ्या, मक्याची कापडी कणसं आणि प्रत्येकावर देवनागरीतली चिठ्ठी. मुलं येतात, ‘गाय हंबरते’ असं एका सुरात म्हणतात, फोटो निघतो, ग्रुपवर अंगठे येतात. माझं म्हणणं थोडं कडू आहे, पण ऐकून घ्या: हे शेत नाही आणि यातून मराठीही येत नाही. हे मराठी लेबलं लावलेलं खेळण्यांचं दुकान आहे.

शेतात वस्तूंपेक्षा कामं महत्त्वाची असतात. पेरणं, निंदणं, राखणं, खुडणं, मळणं, उफणणं, पाखडणं, मोजणं, पोत्यात भरणं. यातलं एकही क्रियापद त्या कोपऱ्यात नाही. नामं तर फ्लॅशकार्डावरही पाठ होतात, त्यासाठी सतरंजी अंथरायची गरज नाही. मूल भाषा उचलतं ते हातात काम असताना आणि शेजारच्याला काहीतरी सांगायची निकड असताना. ‘अरे, थांब, अजून पाऊस नाही पडला!’ हे वाक्य चिठ्ठीवरून येत नाही.

लेव विगोत्स्की यांनी १९३३ सालच्या खेळावरच्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. काठी घोडा होते ती मूल तिला घोडा मानतं म्हणून, आणि एकदा मानल्यावर ते घोड्याचे नियमही पाळतं. हुबेहूब प्लास्टिकच्या गायीपाशी मानायला काही उरतच नाही. ती आधीच गाय आहे. मूल तिला उचलतं, ठेवतं आणि पुढच्या मिनिटाला कंटाळतं.

मग काय मांडायचं? पहिलं म्हणजे तिफण. पेपर टॉवेलच्या तीन नळ्या घ्या, त्या कागदी पेल्याच्या बुडाला चिकटवा. पेला म्हणजे चाडं. एकानं ओढायचं, एकानं चाड्यावर मूठ धरायची. मूठ सैल सोडली की दाणे एकाच जागी ढीग होऊन पडतात, आवळली की ओळीत खाडे पडतात. चार वर्षांच्या मुलाला हे दोन फेऱ्यांत कळतं आणि ‘हळू सोड’ हे ते स्वतःहून ओरडतं. दुसरं, एका मुलाला पाऊस करा. त्यानं कधी यायचं हे त्याचं त्यानं ठरवावं. तिसरं, राखण. दोन मुलं पाखरं, एक राखणदार, हवा तेवढा आरडाओरडा. चौथं, सूप. पाचवं, तराजू आणि घासाघीस करणारा व्यापारी. हे सगळं आठ बाय दहा फुटांच्या सतरंजीवर मावतं आणि त्या प्लास्टिकच्या सेटपेक्षा स्वस्त पडतं. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र दाण्यांऐवजी कागदाचे बोळे द्या. दाणे नाकात जातात.

यात नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आसपास मिळणाऱ्या बियांवर, पानांवर, मातीवर बालशिक्षण उभं केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून कुरणशाळा काढून शाळाच त्यांच्याकडे नेली. एवढा वारसा असताना आपण तयार खोका मागवून त्यावर ‘गाय’ लिहितो.

यावर आक्षेप येतो: ‘इथल्या मुलांना इथलंच ओळखीचं. कशाला आपली तिफण लादायची?’ मी कॅन्ससमध्ये ज्वारीवर संशोधन करते, म्हणून याचं उत्तर मला रोज खिडकीतून दिसतं. अमेरिकेत सर्वांत जास्त ज्वारी याच राज्यात पिकते. इथे तिला मिलो म्हणतात आणि ती बहुतेक जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जाते. आपली मुलं सॉकरला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जे तांबूस पीक बघतात, त्याचीच भाकरी त्यांची पणजी थापत होती. म्हणजे लाल बार्न इथलाही खरा नाही, तो चित्राच्या पुस्तकातला आहे. आणि स्नेहसंमेलनातला फेटा बांधलेला ‘शेतकरी राजा’ तिकडचा खरा नाही. खेळात एकानं विळा घ्यावा, एकानं खोक्याचं कंबाइन चालवावं. दाणा तोच आहे. आणि कोवळी ज्वारी गुरांना घालायची नाही, त्यात विष असतं, हा दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेला नियम खेळातही ठेवावा. मुलांना असे जीव वाचवणारे नियम फार आवडतात.

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा आहे: अन्नाशी खेळू नये. मान्य. म्हणूनच खेळ संपल्यावर सांडलेला दाणा न् दाणा मुलांनीच वेचायचा आणि बाहेर पाखरांना टाकायचा. अन्नाचा मान ठेवायला सांगायचं आणि ते कसं येतं हे मात्र दिसू द्यायचं नाही, हे कसं चालेल?

खरी घाई मला वेगळ्याच गोष्टीची आहे. दर उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आलेल्या आज्या आपल्या शाळेत मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या कित्येकींनी स्वतः खुरपलंय, खुडलंय, पाखडलंय. आपण त्यांना साबुदाण्याच्या खिचडीचं काम देतो. सुपाचा तो झटका, ज्यानं कोंडा पुढे उडतो आणि दाणा मागे राहतो, तुम्हाला येतो का? मला येत नाही. तो व्हिडिओवरून येत नाही, बाजूला बसून येतो. या आज्यांबरोबर ते शब्द जातील आणि मग आपण त्यांच्यावर हळहळणारे लेख लिहू.

तेव्हा वाचकहो, एवढं करा. सप्टेंबर-ऑक्टोबरात मिलो काढणीला येतो. तुमच्या आसपास पिकत असेल तर एखाद्या शेतकऱ्याकडे दहा कणसं मागा. नसेल तर वाणसामानाच्या दुकानातली ज्वारी चालेल. बार्नचं चित्र कपाटात ठेवा आणि मागच्या खुर्चीवरच्या आजींना सतरंजीवर बोलवा. गुडघे दुखत असतील तर सतरंजीशेजारी खुर्ची ठेवा, पण सूप त्यांच्या हातात द्या.