गादीवरचा माणूस

पुढारी गेले, प्राध्यापक गेले की लेख निघतात. कॉलेजच्या गावात जन्मभर कापड विकणारा माणूस गेला, तर वर्तमानपत्रात चौकोनी फोटो येतो आणि विषय संपतो. आम्हाला हे पटत नाही. म्हणून हा अंक अशा दुकानदारांच्या आठवणींचा.

ब्रह्मपुरीचंच घ्या. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत आलं २०११ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून कुरखेडा, कोरचीकडची मुलं इथे खोली करून शिकत आली. घरात रोकड यायची ती मे महिन्यात तेंदूपत्त्याची, नाहीतर दिवाळीनंतर धानाची. तेंदूपत्त्याचा पैसा रोवणीत जिरायचा आणि नेमकं तेव्हाच कॉलेज उघडायचं. ही अडचण दुकानदाराच्या उधारीच्या वहीने निभावली. ‘धान निघाले का बाबाले पाठव,’ एवढं बोलून तो पँटपीस फाडून द्यायचा. पोरगा वाढत्या अंगाचा दिसला, तर गजाच्या पुढे चार बोटं कापड जास्तीचं सोडायचा.

याला आम्ही निव्वळ उपकार म्हणणार नाही. तो धंदा होताच, पण माणूस ओळखून केलेला. आता कपडे मोबाइलवर मागवले जातात आणि या वह्या रद्दीत निघाल्या आहेत. आठवणी लिहून ठेवायची हीच वेळ आहे.

तुम्हाला कॉलेजचा पहिला शर्ट, पहिली साडी कुणी दिली? जुनं बिल, फोटो, आठवण, जे असेल ते पाठवा. दुकानाचं नाव, गाव आणि साल लिहायला विसरू नका.