गंमत आकड्यांची : दोन टोकांचा पट्टा

बालमित्रांनो, मलिक अंबरने बाल शिवबाला पाहिलं असेल का?

१६२४ साली आपल्या नगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. तीत शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले. म्हणून पुष्कळांना वाटतं, पाहिलं असेल! चला, आकड्यांनाच विचारू या.

वहीत संख्यारेषा काढा. मलिक अंबरचं आयुष्य १५४८ ते १६२६, शिवाजी महाराजांचं १६३० ते १६८०. दोन पट्टे रंगवा. संगणक मात्र मधलं एकेक वर्ष लिहीत बसत नाही. तो फक्त दोन टोकं लक्षात ठेवतो : सुरुवात आणि शेवट. मग तो पाहतो, उशिराची सुरुवात कोणती? १६३०. आधीचा शेवट कोणता? १६२६. सुरुवात शेवटाच्या पुढे गेली, म्हणजे पट्टे एकमेकांना शिवतच नाहीत. भेट अशक्य!

आता निजामशाही घ्या, १४९० ते १६३६. उशिराची सुरुवात १६३०, आधीचा शेवट १६३६. म्हणजे महाराजांच्या बालपणी निजामशाही होती. इथे पट्टे एकमेकांवर चढले.

५ आणि ७ मध्ये लहान कोण, हे चटकन सांगता येतं. पट्ट्यांचं तसं नाही. कधी ते दूर असतात, कधी टोकाला टोक लागतं, कधी एक दुसऱ्याच्या पोटात! १९८३ साली जेम्स अ‍ॅलन या संशोधकाने असे १३ प्रकार मांडले.

खरी मेख शेवटच्या टोकात आहे. हजेरीपटावरची २१ ते ३० क्रमांकाची मुलं किती? ३० वजा २१, म्हणून ९ म्हणालात, तर एकाला खाऊ मिळणार नाही! दोन्ही टोकं धरली की एक मिळवायचा. मुलं १०.

पायथन ही संगणकभाषा मात्र शेवटचं टोक धरतच नाही. तिच्याकडे २१ ते ३० ची 'रेंज' मागा, ती २९ वर थांबते. विचित्र वाटलं ना? पण सोय बघा. नुसत्या वजाबाकीने मोजणी होते, आणि पुढचा गट ३० पासूनच सुरू करता येतो. ३० क्रमांक दोनदा येत नाही आणि सुटतही नाही. पद्धत कोणतीही चालेल, पण आधी ठरवून घ्या.

पालकांनो, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत रोज एक गोळी, तर गोळ्या किती आणायच्या? मुलांनाच मोजू द्या.

आता कोडं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकर १७२५ ते १७९५, थोरले माधवराव पेशवे १७४५ ते १७७२. कोणाचा पट्टा कसा बसतो? सांगा पाहू! उत्तर पुढच्या अंकात.