माझ्या पीसीवर तर दिसतंय!

गॅदरिंगच्या आदली रात्र. होस्टेलच्या खोलीत आम्ही चौघं, चहाचे रिकामे कप आणि गॅदरिंगची वेबसाईट. पीसीवर सगळं झकास. पहाटे अपलोड करून झोपलो. सकाळी सरांनी साईट उघडली तर फोटोंच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी! आमचं एकमुखी उत्तर, "सर, माझ्या पीसीवर तर दिसतंय. सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल."

मित्रांनो, सर्व्हर बिचारा निर्दोष होता. चुका आमच्या पत्त्यात होत्या, त्याही तीन. पहिली, काही फोटोंचा पत्ता थेट सी ड्राईव्हपासून दिलेला. तो ड्राईव्ह आमच्या खोलीत, सर्व्हरला कुठून सापडणार? दुसरी, फाईलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. विंडोज हे चालवून घेतं, लिनक्सच्या सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाईली वाटतात. तिसरी, उलटा स्लॅश. १९८३ साली एमएस-डॉस २.० मध्ये फोल्डर आले, तेव्हा सरळ स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होता. म्हणून तिथं उलटा आला. वेबच्या पत्त्यात मात्र सरळच लागतो.

पत्त्याची गंमत परभणीकरांना काय सांगावी? संत नामदेवांच्या नावानं ओळखली जाणारी नरसी आधी परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि गाव जागचं न हलता पत्ता बदलला. पण गावातल्या माणसाला "देवळामागच्या गल्लीत ये" म्हटलं तर तो तेव्हाही पोचायचा, आजही पोचतो. कोडमध्येही तसंच. आपण ज्या पानावर आहोत तिथून पुढचा पत्ता द्यावा. मग अख्खी साईट दुसरीकडं हलवली तरी बिघडत नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला? फोटो दिसला नाही तर हसून सोडता येतं हो. पण उद्या त्याच फोल्डरात परीक्षेचा फॉर्म असला तर? लिंक उघडत नाही म्हणून पालमचा, जिंतूरचा पोरगा एसटीचं तिकीट काढून कॉलेजात येणार. आपल्या एका कॅपिटल अक्षराची किंमत त्यानं का भरायची?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. फाईलचं नाव इंग्रजी स्मॉल अक्षरांत ठेवा, मधे स्पेस नको, डॅश द्या. अपलोड झालं की दुसऱ्याच्या मशीनवर प्रत्येक लिंक दाबून बघा. सरांनाही नम्र विनंती, वेबसाईटचं सबमिशन आमच्याच पीसीवर तपासू नका. सर्व्हरवर चढवायला लावा, मगच मार्क द्या.

थोडे मार्क जातील, पण सवय लागेल. "माझ्या पीसीवर दिसतंय" म्हणणं म्हणजे पत्र लिहून खिशात ठेवणं. ज्याला पाठवलं त्याला मिळालं का, ते महत्त्वाचं.